मंगळवार संध्याकाळचा इंग्रजी लेखनाचा वर्ग : कम्युनिटी कॉलेजातील एका सत्राचा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या सांताक्लारा काउंटीत राहणाऱ्या मराठी मैत्रिणींकडून मला वरचेवर एकच विचारणा होते. भारतात पदवी घेतलेली आहे, इंग्रजी वाचता येते, बोलण्याचेही फारसे अडत नाही, पण नोकरीचा अर्ज लिहायचा किंवा मुलाच्या शाळेला चार ओळींचे नीट पत्र पाठवायचे म्हटले की हात अडखळतो. अशा वेळी शिकायला जावे तरी कुठे? माझे उत्तर ठरलेले आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी फीच्या सार्वजनिक महाविद्यालयात, २०२५ पर्यंत ‘इंग्लिश १ए’ या नावाने चाललेल्या लेखनाच्या वर्गात नाव घालावे आणि शक्य असेल तर तिथे वर्षानुवर्षे शिकवत असलेल्या प्राध्यापकांचा वर्ग निवडावा. २०२४ च्या ऑगस्ट ते डिसेंबर या सत्रात मी असा एक वर्ग पूर्ण केला, आणि जे मिळाले त्याची किंमत फीच्या पावतीवर दिसत नाही हे सांगण्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे. कॉलेजचे आणि प्राध्यापकांचे नाव मात्र मी देत नाही. नावाचा गाजावाजा त्यांना रुचणारा नाही. आमच्याकडे शाळेत शिक्षिकेला ‘बाई’ म्हणतात, तसे मी त्यांना पहिल्या आठवड्यापासून मनातल्या मनात बाईच म्हणत आले आहे, आणि इथेही तसेच म्हणणार आहे.

आधी व्यवहाराचे. कॅलिफोर्नियातील रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात प्रत्येक युनिटमागे (म्हणजे श्रेयांकामागे) ४६ डॉलर फी पडते आणि २०१२ पासून हा दर बदललेला नाही. आमचा वर्ग तीन युनिटांचा होता, म्हणजे १३८ डॉलर. आरोग्य शुल्क आणि विद्यार्थी शुल्क धरूनही माझा खर्च दोनशेच्या आत राहिला. गाडी लावण्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. पुस्तकांवर काहीच खर्च आला नाही, कारण बाई मोफत उपलब्ध असलेले साहित्य आणि स्वतः तयार केलेली टिपणे वापरत. या वर्गाचे श्रेयांक पुढे राज्याच्या विद्यापीठांत धरले जातात, त्यामुळे पुढे पदवीचा विचार असेल तर पैसे वाया जात नाहीत.

एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस तुम्ही कॅलिफोर्नियात राहत असाल आणि इथेच राहण्याचा हेतू कागदोपत्री दाखवू शकत असाल, तर एच-४ धारकालाही रहिवाशाचीच फी लागू होते. माझा अर्ज मात्र कार्यालयाने थेट परदेशी विद्यार्थ्यांच्या गटात टाकला आणि माझ्या खात्यावर कित्येक पटींनी जास्त रक्कम चढवली. भाडेकरार, कर भरल्याची कागदपत्रे आणि वाहन परवाना घेऊन मला तीन खेपा घालाव्या लागल्या. दोन खिडक्यांवर दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली, आणि तिसऱ्या खेपेला एका अनुभवी कर्मचारी महिलेने नियमाचे पान उघडून दहा मिनिटांत दुरुस्ती करून दिली. कागदपत्रे पहिल्याच दिवशी जमवून ठेवा आणि वर्ग सुरू होण्याच्या महिनाभर आधी खात्यावरची रक्कम तपासा. ज्यांना हे ठाऊक नाही अशा किती जणी तो आकडा पाहूनच माघारी फिरल्या असतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

प्रवेशासाठी परीक्षा नव्हती. पूर्वी असे. २०१७ साली संमत झालेल्या ‘एबी ७०५’ या राज्याच्या कायद्याने चित्र बदलले. त्याआधी अनेक कॉलेजांत चाचणीत कमी पडणाऱ्याला आधी एक, मग दुसरा, कधी तिसरासुद्धा पूर्वतयारीचा वर्ग पार करून मगच १ए मध्ये बसता येत असे, आणि त्या पायऱ्यांवरच पुष्कळ विद्यार्थी गळून जात. आता विद्यार्थी थेट १ए मध्ये बसतो आणि ज्याला गरज वाटेल तो जोडीला आधाराचा तास घेतो. बाईंनी एकदा सांगितले की सुरुवातीला त्यांचा या बदलाला विरोध होता, कारण कच्चा पाया असलेली मुले त्यांच्या वर्गात बुडतील अशी त्यांना भीती वाटत होती. पुढे त्यांनी स्वतःच्या जुन्या हजेरीपटांवरून पूर्वतयारीच्या वर्गातली किती नावे १ए पर्यंत पोहोचली होती ते मोजले आणि आपले मत बदलले. हे त्यांनी वर्गासमोर, कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. तीन दशके एकच काम करणारे माणूस आपण चुकत होतो असे पंचवीस अनोळखी लोकांपुढे म्हणते, हे मी पूर्वी कोणत्याही वर्गात पाहिले नव्हते.

वर्ग मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होई आणि साडेनऊच्या सुमारास सुटे. अठ्ठावीस जणांनी नावे घातली होती, शेवटपर्यंत बावीस टिकलो. एकोणीस वर्षांची मुले होती, रुग्णालयात दिवसपाळी करून येणारी एक मदतनीस होती, साठी ओलांडलेले एक ट्रकचालक होते, आणि दोन मुलांना नवऱ्याकडे सोपवून येणारी मी. बाई पहिल्या तासाला सगळ्यांची नावे विचारत आणि उच्चार आपल्या वहीत स्वतःच्या पद्धतीने टिपून ठेवत. माझ्या नावातला ‘ळ’ त्यांना जमेना, तेव्हा त्यांनी मला तो चार वेळा म्हणायला लावला. पुढच्या मंगळवारी तो बराचसा जमला होता.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे लेखन तपासणे. सत्रात चार निबंध होते, प्रत्येकाचा एक कच्चा आणि एक पक्का खर्डा. माझा दुसरा निबंध प्लास्टिकबंदीवर होता. कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदानातून दुकानांतल्या एकदाच वापरायच्या पिशव्यांवरची बंदी कायम केली आणि महाराष्ट्राने २०१८ साली त्याहून पुष्कळ व्यापक बंदी आणली, या दोहोंची तुलना मला करायची होती. मिरजेच्या शाळेत निबंधाची जी घडी बसली होती तिला धरून मी सुरुवात केली : आधी पर्यावरणाविषयी एक सुवचन, मग मानव आणि निसर्ग यांचे नाते, मग आधुनिक युगाची गरज. दहावीला याच घडीने मला चांगले गुण मिळाले होते. बाईंनी पहिल्या दोन परिच्छेदांवर काहीच खोडले नाही. तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर, जिथे मी मिरजेच्या मंडईत भाजीवाल्या मावशींनी बंदीनंतर वर्तमानपत्राच्या पुड्या बांधायला सुरुवात केली आणि ओल्या पालेभाजीने त्या फुटत असत असे लिहिले होते, तिथे समासात शिसपेन्सिलीने एक बाण काढून त्यांनी लिहिले होते की तुमचा निबंध इथून सुरू होतो. त्याच्याच खाली दुसरा शेरा होता : त्या पुडीचा खर्च कोणी सोसला?

त्या एका प्रश्नाने मला आठवडाभर कामाला लावले. मी आईला फोन करून मंडईत चौकशी करायला सांगितले, दंडाच्या तरतुदी वाचल्या, इथल्या दुकानात पिशवीमागे ग्राहकाकडून घेतले जाणारे दहा सेंट आणि तिथे मावशींच्या पदरातून जाणारे पैसे यांतला फरक माझ्या ध्यानात आला. पक्का खर्डा त्या फरकावरच उभा राहिला. सुवचन गेले, आधुनिक युगही गेले. बाईंनी मला इंग्रजी शिकवले असे म्हणण्यापेक्षा, मला जे ठाऊक होते ते मांडायची हिंमत दिली असे म्हणणे मला जास्त बरोबर वाटते. व्याकरणाच्या चुका त्या प्रत्येक पानावर एकाच प्रकारच्या निवडत. माझ्या बाबतीत ती निवड ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांची होती, जी मराठीत मुळातच नाहीत. पहिल्या पानावर त्या चूक दाखवून दुरुस्त करत, दुसऱ्या पानावर नुसती खूण करत, तिसऱ्या पानावर फक्त समासात त्या ओळीत किती चुका आहेत तो आकडा लिहीत, आणि शोधायचे काम आपले.

माझी आई सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे सुतळीने बांधून ती घरी आणी आणि रात्री जेवणे आटोपल्यावर कंदिलाएवढ्या पिवळ्या बल्बखाली तपासत बसे, त्यामुळे गठ्ठा म्हणजे काय हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणूनच कार्यालयीन तासाला, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवलेल्या वेळी, मी बाईंना विचारले की एका निबंधाला किती वेळ लागतो. वीस मिनिटे, त्या म्हणाल्या, भराभर केले तर. त्यांच्याकडे सत्राला पाच वर्ग असत. वर्गात अठ्ठावीस धरले तर एकशे चाळीस निबंध, म्हणजे एका फेरीला जवळजवळ सत्तेचाळीस तास. आणि हे शिकवण्याचे तास, बैठका, तासांची तयारी सोडून. अशा चार फेऱ्या, शिवाय कच्चे खर्डे. त्यांचे शनिवार-रविवार सप्टेंबरपासून मे महिन्यापर्यंत असेच जात, आणि १९९६ पासून जात आले होते. त्यांच्या खोलीत खिडकीखाली एक लाकडी खोका होता, त्यात विद्यार्थ्यांनी न नेलेले जुने निबंध होते. फेकवत नाहीत, असे त्या म्हणाल्या.

१९९६ हे त्या पूर्णवेळ झाल्याचे साल. त्याआधीची नऊ वर्षे त्यांनी अर्धवेळ शिकवण्यात काढली. एका महाविद्यालयीन जिल्ह्यात, म्हणजे एकाच प्रशासनाखालच्या कॉलेजांत, अर्धवेळ प्राध्यापकाला पूर्ण कामाच्या साठ टक्क्यांपर्यंतच तास देता येतील असा त्या वेळी नियम होता, पुढे २००९ पासून ती मर्यादा ६७ टक्के झाली, आणि एका ठिकाणच्या एवढ्या पगारात भागत नसल्यामुळे लोक दोन-तीन कॉलेजांत फिरून शिकवत. हमरस्त्यावर सतत धावणाऱ्या अशा शिक्षकांना इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. बाई सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या आणि संध्याकाळी तिसऱ्या गावी शिकवत. गाडीच्या डिकीत तीन रंगांचे तीन खोके असत आणि कोणत्या कॉलेजचे निबंध कोणत्या खोक्यात हे रंगावरून कळे. एकदा घाईत त्यांनी एका कॉलेजचे तपासलेले निबंध दुसऱ्या कॉलेजात वाटायला काढले होते. ही आठवण सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. त्या काळात मला विद्यार्थ्यांची नावे पाठ करता येत नव्हती, एवढेच त्या म्हणाल्या, आणि पहिल्या तासाला त्या वहीत उच्चार का टिपत ते मला तेव्हा समजले.

दोन मोठे बदल त्यांनी या वर्गात पचवले आहेत. मार्च २०२० मध्ये सगळे शिकवणे एका आठवड्यात घरच्या पडद्यावर गेले, आणि पडद्यावर तोंड न दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांशी त्या निबंधाच्या समासातूनच बोलत राहिल्या. दुसरा बदल २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यानंतरचा. त्यांच्याकडे निर्दोष आणि निर्जीव निबंध येऊ लागले. त्यांनी विद्यार्थ्यांना पकडण्यात शक्ती घालवली नाही. दर तासाची पहिली वीस मिनिटे निळ्या मुखपृष्ठाच्या परीक्षा-वहीत हाताने लिहिण्याची केली आणि पक्क्या निबंधाचे बी त्या वहीतच सापडले पाहिजे असा नियम घातला. मला ही पद्धत फार मानवली. हाताने लिहिताना शब्द अडला की दुसरा शोधावाच लागतो, आणि वही त्यांच्याकडेच राहत असल्याने ऑगस्टमधली मी आणि डिसेंबरमधली मी यांतला फरक मला शेवटच्या दिवशी कागदावर पाहता आला.

आता उणिवा, कारण त्या आहेत. तिसऱ्या निबंधाचा कच्चा खर्डा द्यायची वेळ आली तरी दुसरा निबंध तपासून परत मिळाला नव्हता. तीन आठवडे लागले. गठ्ठ्याचा हिशेब कळल्यावर मला राग आला नाही, तरीही मागच्या चुका समजल्याशिवाय पुढचे लिहिणे अवघड जाते, आणि हे विद्यार्थ्याचे नुकसानच आहे. गुणांविषयी बाई कडक होत्या. ज्यांना पुढच्या प्रवेशासाठी केवळ वरची श्रेणी हवी होती त्यांच्यासाठी हा वर्ग नव्हता. संगणकीय प्रणालीवर त्या सूचना उशिरा टाकत, त्यामुळे तासाला हजर राहणे अपरिहार्य होते. इमारतीतली उष्णतेची यंत्रणा नोव्हेंबरात दोन वेळा बंद पडली आणि आम्ही कोट घालून बसलो, पण तो दोष त्यांचा नव्हे.

सर्वांत मोठी उणीव व्यवस्थेची आहे आणि ती मला पुढच्या सत्रात उमगली. २०२५ च्या जानेवारीत मी त्याच कॉलेजात चिकित्सक विचाराचा पुढचा वर्ग घेतला. तिथले तरुण प्राध्यापक हुशार होते आणि मनापासून शिकवत होते, पण ते अर्धवेळ होते, आणखी दोन कॉलेजांत शिकवत होते, त्यांना स्वतःची खोली नव्हती. शंका विचारायची तर तास सुटल्यावर वाहनतळापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जावे लागे. माझ्या निबंधावर त्यांचे शेरे तीन ओळींचे असत. चांगले असत, पण तीनच. बाईंच्या डिकीतले तीन खोके मला आठवले. शिकवण्याच्या तासांपैकी ७५ टक्के तास पूर्णवेळ प्राध्यापकांकडे असावेत असे उद्दिष्ट कॅलिफोर्नियाने १९८८ च्या कायद्यात लिहून ठेवले होते, आणि राज्यभराचा विचार करता ते आजही गाठले गेलेले नाही. समासातल्या शेऱ्यांची लांबी शेवटी कुठे ठरते हे मला दोन सत्रांत कळले, आणि त्या तरुण प्राध्यापकांना एक खोली आणि एकच कॉलेज मिळावे असे मला फार मनापासून वाटते.

या वर्गाला जायचे ठरवणाऱ्यांसाठी थोडे प्रत्यक्ष उपयोगाचे सांगते. ज्यांना केवळ बोलण्याचा सराव हवा आहे त्यांनी परभाषिकांसाठीचे वर्ग घ्यावेत. १ए मध्ये वाचन आणि लेखन इतके असते की आठवड्याला तासांव्यतिरिक्त सहा-सात तास काढावेच लागतात. लहान मुले असतील तर सोळा आठवड्यांचे पूर्ण सत्र घ्यावे, उन्हाळ्यातले दाटीवाटीचे सत्र घेऊ नये, कारण खर्डा मुरायला वेळ लागतो. आणि प्राध्यापकांच्या कार्यालयीन तासाला जरूर जावे. पहिले पाच आठवडे मी गेले नाही, कारण शिक्षकांच्या खोलीत जाणे म्हणजे गुण मागायला जाणे अशी माझी जुनी समजूत होती. सहाव्या आठवड्यात धीर करून गेले तेव्हा बाई एकट्याच बसल्या होत्या, दार उघडे होते, आणि समोरच्या खुर्चीवरचा निबंधांचा गठ्ठा त्यांनी उचलून जमिनीवर ठेवला. त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी मी अर्धा तास तिथे बसले. माझ्या मते १३८ डॉलरांतला सर्वांत मोलाचा भाग तो होता.

२०२५ च्या ऑगस्टपासून राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत या वर्गाला एकच सामाईक क्रमांक मिळाला आहे, त्यामुळे यादीत ‘इंग्लिश १ए’ शोधत बसू नका. ‘इंग्लिश सी१०००’ असे पाहा. बाई २०२५ च्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. मंगळवार संध्याकाळचा वर्ग त्यानंतरच्या वेळापत्रकात होता, खोली तीच, वेळ तीच, आणि प्राध्यापकांच्या रकान्यात फक्त ‘स्टाफ’ असे छापलेले होते. नाव घालण्याआधी इंग्रजी विभागाला फोन करून तिथे कोण येणार आहे आणि त्यांना बसायला खोली आहे का, या दोन्ही गोष्टी विचारून घ्या.